अबोला धरून शिवलेली वाकळ

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर पांघरूण शिवत बसणं हे मुळात रिकामटेकडेपणाचं लक्षण. वर्षातले बरेचसे महिने अंगावरचा पदरही नकोसा होतो. पौषात पहाटे जरा गार वारा सुटला की आम्ही एकमेकांना ‘काय थंडी पडली’ असं सांगून तेवढी हौस भागवून घेतो. तरीही घरोघर वाकळींची चळत असतेच. वाकळ म्हणजे गोधडी, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली. आम्ही ती पांघरतो कमी आणि अंथरतो जास्त. पाहुणा आला की वाकळ, बाळंतीण आली की वाकळ, आणि मांजर व्यायला बसते तीही नेमकी धुऊन ठेवलेल्या वाकळीतच.

तेव्हा वाकळ मला येत होती. ओरोसला सरकारी कचेरीत बसने जाऊन-येऊन निवृत्त झालेल्या बाईला नवीन काही शिकायची गरज नसते, असं माझं ठाम मत होतं. पण मुंबईच्या माझ्या लेकीला आईचा वेळ कसा जात असेल याची भारी चिंता. आईचा वेळ उत्तम जात होता, पण विचारतो कोण. तिने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, ‘आई, हे करून बघ.’

व्हिडिओत परदेशातली एक बाई होती. तिच्यापुढचं टेबल एवढं मोठं की आमच्याकडे त्यावर बारशाची पंगत उठली असती. मागच्या खिडकीत बर्फ पडत होता. बाई हसत हसत सांगत होती की अख्खी गोधडी मशीनखाली कोंबायची काही गरज नाही. एकेक चौकोन घ्यायचा, वरचं कापड, मधला भर आणि खालचं कापड असे तिन्ही थर त्यातच शिवून चौकोन पुरा करायचा, आणि मग पुरे झालेले चौकोन पट्ट्यांनी जोडायचे. पट्टी दोन्ही बाजूंनी लावायची, म्हणजे सगळे सांधे झाकले जातात आणि गोधडी दोन्हीकडून सुलट होते. हिला म्हणे ‘क्विल्ट ॲज यू गो’ म्हणतात. मी आमच्या ह्यांना अर्थ विचारला.

“जाता जाता शिवायची गोधडी,” हे म्हणाले.

“कुठे जाता जाता?”

“ता काय तेणी सांगूक नाय,” असं म्हणून ह्यांनी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला. इंग्रजीचं एवढं ज्ञान आमच्या संसाराला पुरलं आहे.

एरवी मी तो व्हिडिओ पुसून टाकला असता. टाकला नाही, त्याला कारण आमचं घर. घराबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर या परदेशी पद्धतीची थोरवी कळायची नाही.

घर एकच होतं. सासरे गेल्यावर दोघा भावांनी ते वाटून घेतलं, म्हणजे आमच्या ह्यांनी आणि माझ्या धाकट्या दिराने. मधोमध चिऱ्यांची भिंत घातली. पुढे आम्ही आमच्या अर्ध्यावर स्लॅब टाकला, त्यांनी त्यांच्या अर्ध्यावर कौलं ठेवली. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, घराने अर्ध्या डोक्याला टोपी घातली आहे. पुढचं खळं, म्हणजे अंगण, त्यातही चिऱ्यांची एक बुटकी ओळ मांडून टाकली. ती ओळ फक्त माणसांनी मानली. कोंबड्या पहिल्या दिवसापासून ती ओलांडतात आणि आम्ही दोन्हीकडून त्यांना हाकलतो.

भावांचं एकमेकांशी बोलणं आहे. घरपट्टी, आंब्याची फवारणी, अशा जिव्हाळ्याच्या विषयांवर ते बोलतात. बोलत नाही त्या आम्ही दोघी जावा. भांडण कशावरून, तर रगड्यावरून. वाटणीत दगडी रगडा कुणाकडे जायचा यावर शब्दाने शब्द वाढला, ती मला काही बोलली, मी तिला चार जास्त बोलले, आणि अबोला पडला तो पडलाच. पुढे दोघींनीही मिक्सर घेतले. रगडा फणसाखाली पडून आहे, त्यावर शेवाळ धरलं आहे. पण म्हणून काय कोणी आधी बोलायचं?

अबोला म्हणजे गप्प बसणं असा शहरातल्या लोकांचा गैरसमज असतो. आम्ही दिवसभर बोलत असू. फक्त एकमेकींशी नाही. तिच्या नळाचं पाणी माझ्या तुळशीत घुसलं की मी कोंबडीला सांगायचे, “गो बाय, कोणाक पाण्याचा बिल येणा नाय वाटता.” त्यावर ती तिकडे माडाला सांगायची की काही लोकांची तुळससुद्धा खडूस असते. कोंबडीला आणि माडाला आमच्या घरातलं सगळं माहीत आहे.

आणि या सगळ्यात आये, आमच्या सासूबाई. वाटणीत तिचेही सरळ दोन भाग केले होते. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. फेब्रुवारी एकाच्याच वाट्याला येऊ नये म्हणून दोघे भाऊ दर वर्षी बोटांवर हिशेब करून पाळी बदलत, आणि ज्याच्याकडे येई त्याला आईची सेवा दोन दिवस कमी मिळाल्याचं दुःख मुळीच होत नसे. महिना संपला की आयेची पिशवी उचलायची, औषधांचा डबा उचलायचा, तिचा हात धरायचा आणि चिऱ्यांच्या ओळीपर्यंत नेऊन सोडायचं. पलीकडून दुसरा हात यायचा. सीमेवर कैदी देतात-घेतात ते टीव्हीवर बघितल्यावर मला फार ओळखीचं वाटलं.

आयेच्या डोळ्यांत काचबिंदू. सावल्या दिसतात, बाकी नाही. तिच्या तोंडाला मात्र काही झालेलं नाही. माझ्या आमटीची तिने तिकडे तारीफ केली आणि तिकडच्या सुकटीची माझ्याकडे. इतक्या वर्षांत हे काम तिने कधी चुकवलं नाही.

चुकायला लागलं ते दुसरंच. झोपेतून उठली की आपण कोणाच्या घरात आहोत हे तिला कळेनासं झालं. माझ्याकडे असताना धाकटीला हाक मारायची, धाकटीकडे असताना मला. आता हाकेचं काय, कोणीही ओ दिली तरी चालतं. पण माझ्याकडे तिच्या खाटेवरून उठलं की मोरी उजव्या हाताला, आणि धाकटीकडे डाव्या. एके सकाळी माझ्या घरात ती धाकटीच्या घराप्रमाणे डावीकडे वळली, कपाटावर आदळली आणि पडली. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, मनगटावर निभावलं हे नशीब समजा, या वयात खुबा मोडला तर त्या उठायच्या नाहीत. ती तोंडाने कशीही असली तरी माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्र रात्र जागली होती, आणि आता ती माझ्या घरात, माझ्या कपाटावर आदळून पडली होती.

मग उपाय सुरू झाले. दिराने रात्रीचा दिवा आणला. ज्या बाईला दिवसा दिसत नाही तिच्यासाठी रात्रीचा दिवा, धन्य ती माया. ह्यांनी हाताशी घंटी बांधली. आये म्हणाली, “मी काय देवळात निजलंय?” आणि घंटी उशाखाली घालून तिच्यावर झोपली. खाट फिरवून ठेवू म्हटलं, तर माझ्याकडे डोकं उत्तरेला येत होतं. त्यावर दोन्ही भावांचं पटकन एकमत झालं की आईचं डोकं उत्तरेला करायला ती काय गेली आहे का. धाकटीकडे तर खाट फिरायला जागाच नाही. तेव्हा आई पडली तर चालेल, डोकं दक्षिणेलाच हवं.

मला सुचलं ते याच सुमारास. आयेचे डोळे गेले, पण बोटं शाबूत आहेत. सकाळी जाग आल्यावर तिचा हात आधी कुठे जातो? पांघरुणावर. मग असं पांघरूण हवं की त्याच्या दोन बाजू हाताला वेगळ्या लागतील. माझ्याकडे असताना एक बाजू वर, धाकटीकडे असताना दुसरी. हात फिरवला की कळलं पाहिजे, हे थोरलीचं घर, उजवीकडे वळ. ही बाजू धाकटीची, डावीकडे वळ. आयेबरोबर ते इकडून तिकडे जाईल.

कापडाचा प्रश्न तर सुटलेलाच होता. वाटणीत आयेची ट्रंकसुद्धा वाटली गेली होती. तिची जुनी सुती लुगडी माझ्या वाट्याला, जाडीभरडी, हाताला खरबरीत. नंतरची टेरिकॉटची गुळगुळीत पातळं धाकटीच्या वाट्याला. आपल्याला फडकी मिळाली आणि दुसरीने चांगलं ते उचललं, याबद्दल दोघींची खात्री होती. म्हणजे एक बाजू माझ्या लुगड्यांची, एक बाजू तिच्या पातळांची.

पण वाकळ शिवायची आमची जी रीत आहे तिच्यात खळ्यात ती पसरतात, चार बायका चार बाजूंना बसतात आणि कडेपासून मधे मधे धावदोरा घालत येतात. मध्यावर येईस्तोवर गावातल्या कोणाचं काय चाललं आहे ते सगळं शिवून झालेलं असतं. त्या वाकळीवर बसून तोंड मिटून ठेवणं माणसाला शक्य नाही. आणि मी धाकटीशी बोलणार नव्हते.

तेव्हा कुठे त्या बर्फातल्या बाईचं महत्त्व माझ्या ध्यानात आलं. एकेक चौकोन सुटा, आपापल्या घरी बसून, आपापल्या सुईने पुरा करायचा. कोणाचं तोंड बघायला नको. ही पद्धत शोधून काढणाऱ्या बाईलाही नक्कीच एक जाऊ असणार.

आता हे धाकटीला कळवायचं कसं? व्हिडिओ ग्रुपवर होताच. त्या ग्रुपवर ती सगळ्यांना हात जोडलेलं चित्र पाठवते, मलाही पाठवते, ते बोलण्यात धरत नाहीत. बाकीचा निरोप मी आयेकरवी धाडला. आये तेव्हा तिकडे होती. दुपारी ती खळ्यात येऊन बसली की मी चिऱ्यांच्या अलीकडून तिच्याशी बोलायची, एवढ्या मोठ्याने की धाकटीला स्वयंपाकघरात ऐकू जावं.

“आये, तुझ्यासाठी वाकळ शिवूची आसा. एका बाजूक माजी लुगडी, दुसऱ्या बाजूक दुसऱ्या कोणाची पातळां. कोणी देईत तर.”

आतून भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने आतूनच, आयेला उद्देशून, उत्तर आलं. “आये, पातळां हवी तितकी आसत. पण कापून कोण देतला, मापां कोण देतला, ता इचार.”

“ती इचारता मापां कोण देतला,” आये मला म्हणाली.

“आयकलंय मी.”

“तू बहिरी नाय, ती मुकी नाय, आणि मी मधे कित्याक बसलंय ता माका कळणा नाय,” आये म्हणाली आणि तिने तोंडात तंबाखू घातली.

मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी माप तयार केलं आणि न कापलेल्या लुगड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून रगड्यावर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या जागी तिची पातळं, तीही न कापलेली. पुठ्ठा मात्र परत आला नाही. मी नवीन कापला. अर्धे चौकोन तिने कापून शिवायचे, अर्धे मी, प्रत्येकात एका अंगाला माझं कापड आणि दुसऱ्या अंगाला तिचं, मधे भर म्हणून जुनी सोलापुरी चादर.

पावसाळा सरला होता, उन्हाचा चटका होता, आणि मी घामाने निथळत पायमशीनवर पांघरूण शिवत होते. त्या बाईच्या खिडकीत बर्फ पडत होता, माझ्या खिडकीत सुपारी वाळत होती. बाई सांगायची, थर सरकू नयेत म्हणून पिना लावा. लावल्या. टेरिकॉट तरीही सरकायचं, धाकटीच्या बाजूचंच कापड ते, सरळ कसं वागेल. पहिला चौकोन मी मशीनवरून काढला तेव्हा तो चौकोन नव्हता. ह्यांनी तो वर धरून बघितला आणि विचारलं, “ह्या काय, भांडी पुसूचा फडका?” चौथ्या-पाचव्यानंतर जरा हात बसला. मग मी मशीन सोडून हातानेच धावदोरा घालायला लागले, कारण आयेच्या बोटांना टाक्यांच्या रांगा लागायला हव्यात असं मला वाटलं. भिंतीपलीकडेही मशीनचा आवाज बंद झाला. तीही हाताने शिवत असणार. माझं बघून, दुसरं काय.

सगळे चौकोन झाल्यावर तिचे रगड्यावरच आले. मी माझे आणि तिचे एकत्र खळ्यात मांडले आणि डोक्याला हात लावला. एक तर माप. मी प्रत्येक वेळी पुठ्ठा ठेवून कापलं होतं. धाकटीने पहिला चौकोन पुठ्ठ्यावर कापला, दुसरा पहिल्यावर, तिसरा दुसऱ्यावर, आणि असे करत तिचा शेवटचा चौकोन पोळपाटाएवढा व्हायचा तो परातीएवढा झाला होता. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण विचारणार कोण आणि सांगणार कोण.

हे परवडलं. खरी गंमत पुढे होती. मी शिवताना माझं लुगडं वर ठेवून शिवलं होतं आणि दोऱ्याच्या सगळ्या गाठी खाली, म्हणजे तिच्या पातळावर सोडल्या होत्या. आपली बाजू स्वच्छ दिसावी, एवढंच मनात. चौकोन उलटा करून बघते तर तिनेही नेमकं तेच केलेलं. तिच्या चौकोनांत पातळं गुळगुळीत, एक गाठ दिसेल तर शपथ, आणि माझ्या लुगड्यांवर गाठींची नुसती पुरळ. दोन्ही बाजूंनी सुलट व्हायची ती वाकळ आम्ही दोघींनी मिळून दोन्ही बाजूंनी उलट करून ठेवली होती. इतका एकोपा आमच्यात वाटणीनंतर पहिल्यांदाच दिसला.

मी गाठींवरून हात फिरवत बसले. चिऱ्यांच्या पलीकडे धाकटी येऊन उभी राहिली होती. तिला दिसलंच. तिने कोंबडीकडे बघितलं. कोंबडी निघून गेली. माड जरा लांब होता.

“उसवूची लागतली,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली हे बघायला मी मागे वळले, तर मागे कोणी नव्हतं.

“सगळी?” मी विचारलं.

“गाठी दिसतत तितकी.”

मी सरकून जागा केली. ती चिऱ्यांच्या तिच्या बाजूलाच बसली, मी माझ्या बाजूला, आणि मधे त्या ओळीवर चौकोन पसरले. माझे गाठींचे चौकोन तिने उसवले, तिचे मी, आणि गाठी आतल्या भरात दडवून ते पुन्हा शिवले. पहिल्या दिवशी बोलणं झालं ते कात्री, दोरा, सुईचं नेढं, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या घरून तांब्याभर पाणी आणलं आणि मी ते प्यायले. तिसऱ्या दिवशी तिला हसू आलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, “वयनी, तुमच्या गाठी तरी केदी घट. रागान मारल्यात काय?”

“मगे काय मायेन?” मी म्हटलं, आणि मलाही हसू आवरेना. ‘वयनी’ ऐकून किती वर्षं झाली होती.

रगड्याचा विषय मात्र दोघींनीही काढला नाही. एवढ्यात एवढं पुरे होतं.

जोडायच्या पट्ट्या कोणाच्या कापडाच्या, यावर पुन्हा ठिणगी पडणार होती. तेवढ्यात धाकटीला सासऱ्यांचं एक धोतर आठवलं. ते बिचारे कोणाच्याच बाजूचे नव्हते, जिवंतपणीही नव्हते. त्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या. पट्टी आधी एका बाजूने मशीनवर लावायची आणि दुसऱ्या बाजूने दुमडून हाताने घालायची. मशीन माझ्याकडे, हात तिचा चांगला. लहान-मोठे चौकोन जुळवायला कुठे पट्टी रुंद केली, कुठे अरुंद. बर्फातल्या बाईने ती वाकळ बघितली असती तर तिला चक्कर आली असती. शेवटचा कोपरा शिवताना आमच्याकडे आत भाकरीचा एक तुकडा घालतात, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. मी एक तुकडा आणला होता, तिने एक आणला होता. कोणाचा घालायचा यावर वाद नको म्हणून दोन कोपऱ्यांत दोन घातले.

महिनाअखेरीस आये माझ्याकडे होती, दुसऱ्या दिवशी तिकडे जायची होती. आम्ही दोघींनी मिळून तिच्या मांडीवर वाकळ ठेवली. तिने हात फिरवला. गुळगुळीत बाजूवर थांबून म्हणाली, “ह्या धाकट्याच्या लग्नात नेसलेला. ह्याच्यावर कढी सांडलेली, डाग गेलो मां?” मग उलटी करून खरबरीत बाजू चाचपली. “ह्या नेसान मी कापणीक जाय. आणि ह्या तुझ्या घोवाच्या बाळंतपणाक.” एकेका चौकोनावर बोट ठेवून ती सांगत होती आणि एकही चुकत नव्हती. धाकटीने डोळे पुसले, मीही पुसले. मग मी आयेला नीट समजावलं की खरबरीत बाजू वर असली की ती माझ्याकडे आहे, उजवीकडे वळायचं. गुळगुळीत वर असली की धाकटीकडे, डावीकडे वळायचं.

“होय होय,” आये म्हणाली. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. लेकीने टाळ्या पाठवल्या. दिराने अंगठा पाठवला. एका महान कार्याची सांगता झाल्यासारखं मला वाटलं, आणि मी ते वाटू दिलं.

तिकडच्या पहिल्याच सकाळी मी माझ्या स्वयंपाकघरात चहा टाकत होते. गॅसशेजारच्या भिंतीवर पलीकडून कोणीतरी थापा मारल्या. मला आधी वाटलं दीर खिळा ठोकतो आहे. मग आवाज आला.

“दार उघड गो. कडी कित्याक घातलंस?”

आयेचा आवाज होता, आणि हाताएवढ्या अंतरावरून येत होता. वाटणीच्या आधी माझ्या स्वयंपाकघरातून माजघरात जायचं दार तिथेच होतं. भिंत घालताना ते चिऱ्यांनी बुजवलं. आयेची खाट तेव्हाही माजघरातच असायची, आणि पहाटे उठून ती त्याच दारातून चुलीकडे यायची.

“आये, तू खंय आसस?” मी विचारलं.

“खंय म्हंजे? घरात,” ती म्हणाली. “माज्या घरात. चाय झाली काय?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एक बाजू थोरलीची आणि एक बाजू धाकटीची, हे आम्ही दोघींनी ठरवलं होतं. आयेच्या हाताला दोन्ही बाजू तिच्याच लागल्या. जाग आल्यावर तिने हात फिरवला, तिला तिचं लुगडं लागलं, तिचं पातळ लागलं, मधे सासऱ्यांचं धोतर लागलं, आणि ती कोणाच्या घरात आहे याबद्दल तिला काही शंकाच उरली नाही. ती डावीकडे वळली नाही आणि उजवीकडेही नाही. उठली आणि सरळ चालत आली.

पलीकडे धाकटीची पावलं धावत आली. “आये, थांब, हलू नको,” ती ओरडली, आणि इकडून मीही तेच ओरडत होते. गॅस तसाच ठेवून मी मागच्या दाराने निघाले. फणसाला वळसा घातला, खळ्यात आले, चिरे ओलांडले आणि तिच्या उंबऱ्यातून आत गेले. वाटणीनंतर त्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. माझा श्वास फुलला होता आणि मी रडत होते. ती पडलेली दिसणार, याची मी पूर्ण तयारी करून गेले होते.

ती उभी होती. खांद्यावर वाकळ, एक हात भिंतीवर, दुसरा धाकटीने घट्ट धरलेला.

“इली वाटता,” माझी चाहूल लागून आये म्हणाली. मग धाकटीकडे तोंड करून तिने विचारलं, “चुलीकडसून हय येवक हिका इतको येळ कित्याक लागलो?”

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून ती म्हणाली, “वळसो घालून येवचा लागता, आये.”

“कित्याक?” आये म्हणाली.

तिचा हात अजून भिंतीवर होता. बुजवलेल्या दाराच्या जागी ती बोटांनी कडी शोधत होती, आणि आम्हा दोघींपैकी एकीलाही तिचा हात तिथून काढवला नाही.